बांधावरचे खडे

मला विचाराल तर वीरभद्रप्पाला सरळ कोर्टात खेचायला हवं होतं. हे मी घरात रोज बोलून दाखवत होते, चहा देताना, जेवण वाढताना, कपडे वाळत घालताना. पण आमच्या घरात माझं ऐकतो कोण? नवरा दानियल रेल्वेत गार्ड. हिरवं निशाण दिसल्याशिवाय पुढे सरकायचं नाही ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरलेली, की घरातही तो कुणीतरी निशाण दाखवायची वाट बघत बसतो. आणि सासूबाई तर... त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे.

आम्ही बेने इस्राएल, आडनाव पेणकर. सोलापुरात आमची घरं इतकी थोडी, की आपण कोण हे सतत कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. "म्हणजे ख्रिश्चन का?" नाही. "मग मुसलमान?" नाही हो, ज्यू म्हणतात ते आम्ही, शनिवार पाळतो. "पण मराठी चांगलं बोलता की!" आता शेकडो वर्षं कोकणात काढल्यावर आणखी काय बोलणार? हे सगळं मी वैतागून सांगायची. सासूबाई मात्र समोरच्याला बसवून, पाणी देऊन, पहिल्यांदाच कुणी विचारतंय अशा हौसेनं सांगायच्या.

त्यांचं नाव सिम्हाबाई. सासरे अहरोनबाबा मिलमध्ये सुतार होते. ते गेले १९७४ साली, पुरीमच्या थोडं आधी. पुरीम म्हणजे आमचा पुरणपोळीचा सण, होळीच्या आसपास येतो. बाबांना होटगी रस्त्याच्या बाजूला, गावाबाहेरच्या आमच्या लहानशा कब्रस्तानात ठेवलं. मुंबईचे थोरले दीर शमुवेल इस्राएलला जाऊन स्थायिक झाले होते. त्यांनी आईला तिकडे बोलावून घ्यायचं ठरवलं, कागदपत्रं झाली, तिकीटही आलं. सासूबाईंनी एकच अट घातली.

"वर्ष भरू दे. तिथीला एकदा यांच्यापाशी जाऊन येते. मग कुठंही न्या."

एकदा तिकडे गेल्यावर त्या परत येणार नव्हत्या, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. म्हणून ती एक तिथी आणि ती एक भेट आमच्या घरात सगळ्यांत मोठी गोष्ट होऊन बसली होती.

आणि नेमकी तिथंच वीरभद्रप्पानं काटी आडवी घातली.

कब्रस्तानाला जायची वाट त्याच्या रानाच्या बांधावरून होती. त्याच्या वडिलांनी कधी कुणाला अडवलं नव्हतं. पण त्या पावसाळ्यानंतर आम्ही गेलो तर वाटेच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं माणसाच्या छातीएवढं कुंपण आणि पलीकडे स्वतः वीरभद्रप्पा, कमरेवर हात ठेवून उभा.

"वाट बंद हाय," तो म्हणाला.

"का?" मी विचारलं.

"का म्हणून मला काय इचारता? तुमच्या माणसांना इचारा की. येतेत, बांधावरचं दगड उचलतेत आन् तिकडं न्हेऊन टाकतेत. आज दगड, उद्या बांध, परवा रान! हद्द सरकवायला बघताय व्हय?"

मला आधी हसूच आलं आणि मग असा संताप आला की काय सांगू. आमच्यात कबरीला भेट देणारा माणूस फुलं वाहत नाही, एक लहानसा खडा ठेवून येतो. फूल सुकतं, खडा राहतो. आलो होतो, विसरलो नाही, एवढंच त्यानं सांगायचं. बाबांना जाऊन दिवस थोडे झालेले, भेटायला येणारे बरेच. वाटेत पायाशी दिसेल तो खडा जो तो उचलायचा. हे शांतपणे समजावून सांगता आलं असतं, पण 'हद्द सरकवता' ऐकल्यावर माझी जीभ कुठली थांबायला? मी त्याला म्हटलं, "सुपारीएवढ्या खड्यानं तुझी हद्द सरकत असेल तर ती हद्द आहे की चिवडा?" तोही तसाच. आवाज चढत गेला, रस्त्यावरची माणसं थांबली, आणि दानियल मला दंडाला धरून घरी घेऊन आला.

त्यानंतर तलाठ्याकडे अर्ज झाला. तलाठी म्हणाला, बघू. पुढच्या महिन्यात पुन्हा म्हणाला, बघू. दुसऱ्या बाजूनं जायचं तर नाला, मोठमोठे दगड, आणि सासूबाईंचे गुडघे असे की घराच्या दोन पायऱ्या उतरतानाही भिंत धरावी लागायची.

"कोर्टात चला," मी म्हणायची.

"नको गं," सासूबाई म्हणायच्या. "कोर्टानं वाट दिली तरी तो माणूस बांधावर शिव्या देत उभा राहणार. शिव्या ऐकत मी यांच्याजवळ काय बसू?"

सासूबाईंचं सगळंच असं. त्यांच्या तोंडी मित्स्वा हा शब्द सारखा असायचा, म्हणजे देवानं करायला सांगितलेलं काम. मोठी कामं करायला मोठी माणसं आहेत, आपल्या वाट्याला बारकी येतात आणि ती आपण सोडायची नाहीत, असा त्यांचा हिशेब. रस्त्यात काटा दिसला की वाकून बाजूला टाकायचा, गुडघे दुखत असले तरी. कोंबड्यांना दाणे घातल्याशिवाय स्वतः चहाचा घोट घ्यायचा नाही, कारण मुक्या जनावराचं पोट आधी. शेजारच्या काशम्मानं नळावरच्या भांडणापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, तरी रोज सकाळी, "काशम्मा, बरी आहेस ना?" असं विचारायचंच. काशम्मा तोंड फिरवून आत जायची. मला लाज वाटायची, त्यांना कधी वाटली नाही.

"जगाची तागडी नेहमी बरोबर मध्यावर उभी असते असं धरून चालायचं, रिवका," त्या मला सांगायच्या. "चांगलं एका पारड्यात, वाईट दुसऱ्यात, दोन्ही सारखी. आता तू जे करशील त्यानं एक पारडं खाली जाणार. मग हातातलं काम कितीही बारकं असो, ते बारकं कसं म्हणायचं?"

"मग रेशनच्या तांदळातले खडे कुठल्या पारड्यात धरायचे, आई?" मी विचारायची.

त्या खळखळून हसायच्या आणि सूप पुढे ओढून तांदूळ निवडायला घ्यायच्या. मला त्या फार आवडायच्या, हे इथंच सांगून टाकते. चिडायची मी त्यांच्यावर, पण त्यांनी तिकडे जाऊ नये असंच मला वाटायचं.

तिथी उजाडली. म्हणजे आमच्याकडे तिथी आदल्या दिवशी सूर्य मावळला की लागते आणि दुसऱ्या दिवशी मावळला की संपते. दानियल दुपारी ड्यूटीवरून येणार, मग आम्ही तिघं जाणार आणि तो वीरभद्रप्पाच्या पाया पडून वाट मागणार, असं ठरलं होतं. दुपार झाली, दानियल आला नाही. मग स्टेशनवरून निरोप आला की मालगाडी होटगीला अडकून पडली आहे, कधी सुटेल सांगता येत नाही. तोवर ऊन कलायला लागलं होतं.

"आपण दोघी जाऊ," सासूबाई उठल्या.

त्यांनी पांढरं लुगडं नेसलं. अंगणात सब्जाची कुंडी होती, तिच्यातला एक गुळगुळीत खडा काढून, पुसून पदराच्या टोकाला बांधला. बांधावरचा खडा घ्यायचा नाही, हे त्यांनी भांडणाच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. निघताना दाराच्या चौकटीवरच्या मेझूझाला, म्हणजे देवाचं वचन ठेवलेल्या डबीला, बोटं लावून ओठांना टेकवली. मीही लावली. फक्त माझ्या दुसऱ्या हातातल्या पिशवीत नारळ फोडायचा आमचा कोकणी कोयता होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी पाया पडणारी नव्हते. कुंपण तोडून सासूबाईंना आत न्यायचं आणि आडवा आलाच तर त्याला काय ते ऐकवायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

टांगा हुसेनसाबचा. तो बाबांच्या ओळखीतला. बाबांनी एकदा त्याच्या टांग्याचा मोडलेला दांडा दुरुस्त करून दिला होता, तेव्हापासून आमच्याकडे कुठंही जायचं तर हुसेनसाबच. होटगी रस्ता संपून कच्चा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी झालेली, काळ्या रानात धसकटं उभी. सूर्य अजून वर होता, पण मी सारखी त्याच्याकडेच बघत होते.

वळण घेतलं आणि हुसेनसाबनं लगाम खेचला.

वाटेच्या तोंडाशी एक बैलगाडी कलंडली होती. कडब्यानं गच्च भरलेली, एक चाक चरीत गेलेलं. उजवा बैल गुडघ्यांवर पडला होता आणि गाडीचा सगळा भार जुवावरून त्याच्या मानेवर आला होता. गळ्याभोवतीची जुपणीची दोरी इतकी आवळली होती की जीभ बाहेर लोंबत होती. वीरभद्रप्पा एकटाच जुवाखाली खांदा लावून उभा होता. भार थोडा तरी वर धरावा म्हणून त्याची धडपड चालली होती. खांदा काढला तर बैल मरणार आणि खांदा लावून ठेवला तर जुपणी सोडायला हात मोकळा नाही. त्याचं तोंड रस्त्याकडे होतं, पण घामानं डोळे मिटलेले. आम्ही आलोय हे त्याला दिसलंही नव्हतं.

आणि माझ्या डोळ्यांना दिसलं ते वेगळंच. गाडी आत-बाहेर करण्यासाठी त्यानं काट्या बाजूला ओढल्या होत्या. वाट उघडी होती. सताड उघडी!

"आई," मी त्यांच्या कानाशी लागले, "हीच वेळ आहे. तो अडकलाय. आपण मुकाट्यानं आत जाऊन येऊ. दिवस बुडायच्या आत पोहोचू."

सासूबाईंनी उघड्या वाटेकडे पाहिलं. वाटेच्या शेवटी कब्रस्तानाची पांढरी भिंत दिसत होती. मग त्यांनी बैलाकडे पाहिलं.

"हुसेनसाब, मला उतरव," त्या म्हणाल्या.

"आई! अहो, सूर्य बघा कुठं आलाय! आणि माणूस कोण आहे ते बघा!"

"बघितलं," त्या पाय खाली टाकत म्हणाल्या. "मोशेनं शास्त्रात काय सांगून ठेवलंय? शत्रूचं जनावर ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर तसं सोडून जायचं नाही. मित्राचं म्हणालेला नाही गं तो. शत्रूचंच म्हणालाय. मित्राचं तर तूही उचलशील, त्यासाठी सांगावं कशाला लागतंय?"

"पण तिथी जाईल!"

"ह्या बैलाला टाकून गेले तर बाबा मला विचारतील, सिम्हा, वाटेत कोण पडलं होतं? मग मी काय सांगू?"

आणि ती बाई, जिला घराच्या पायरीला भिंत लागायची, चरीच्या उतारावरून बसत, घसरत, पांढऱ्या लुगड्याला काळी माती लावून घेत बैलाच्या तोंडापाशी गेली. तिथं मांडी घालून बसली आणि त्याचं जड डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं. बैलाचा घोरल्यासारखा आवाज जरासा मोकळा झाला.

वीरभद्रप्पानं डोळे उघडले. आधी त्याला सासूबाई दिसल्या. मग पिशवीतून कोयता काढून त्याच्याकडे येणारी मी दिसले.

त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दोन्ही हात जुवाखाली, हलायची सोय नाही, आणि चारचौघांत भांडलेली बाई कोयता घेऊन समोर. इतका वेळ लाल असलेलं त्याचं तोंड पांढरं पडलं.

"ओ बाई," तो पुटपुटला, "असं करू नगा. लेकरंबाळं हाईत मला."

खोटं कशाला बोलू, एक क्षण मला फार बरं वाटलं. मग मी ओरडले, "तुझ्यासाठी नाही, जुपणीसाठी आहे! हलू नकोस!"

हुसेनसाब तोवर दुसऱ्या बाजूनं खांदा लावून उभा राहिला होता. "या अल्ला, क्या वजन है," तो कण्हला. सासूबाईंनी बैलाची मान दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि त्याच्या कानात काहीतरी बोलत राहिल्या. मी गुडघ्यावर बसले. दोर मांसात रुतला होता. कोयत्याचं टोक त्याखाली सरकवायला जागा मिळेना. जरा चुकलं असतं तर गळाच कापला गेला असता.

"घाई करू नकोस, पोरी," सासूबाई म्हणाल्या. सूर्य बुडत होता त्यांचा, आणि मला सांगत होत्या घाई करू नकोस!

शेवटी टोक आत गेलं. मी पातं वरच्या अंगाला फिरवून खेचलं आणि दोर तटकन तुटला. बैलानं मान झटकली, सासूबाई मागं कलंडल्या, हुसेनसाब आणि वीरभद्रप्पानं सगळा जोर लावून जू बाजूला सारलं. बैल तसाच पडून राहिला. मग त्याच्या छातीत हवा शिरल्याचा भला मोठा आवाज आला आणि पुढचे पाय टेकत, धडपडत तो उठून उभा राहिला.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण हुसेनसाबचं घोडं बिचकलं एवढं खरं. कुंपण तोडायला आणलेला कोयता असा कामाला येईल हे मला सांगून तरी पटलं असतं का? अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं.

सासूबाईंचं मात्र काम संपलं नव्हतं. "हुसेनसाब, टांग्याला बादली आहे ना? त्याला पाणी दाखव. घसा सोलला असेल." मग बैल पाणी पिऊन होईपर्यंत आम्ही थांबलो. मी सूर्याकडे बघणं सोडून दिलं होतं, कारण बघून रडू आलं असतं.

वीरभद्रप्पा खाली बसून बैलाच्या पायांवरून हात फिरवत होता. मोडलेलं काही नव्हतं. त्यानं मुंडाशानं तोंड पुसलं आणि सासूबाईंकडे बघितलं. "कुटं निघाला होता तुमी?"

"इथंच. आमच्या यांच्याकडे. आज वर्ष भरतंय. दिवस मावळला की तिथी संपते, आणि पुढच्या आठवड्यात मी कायमची परदेशी चाललेय."

त्यानं मागं वळून उघड्या वाटेकडं पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "मग मघाशीच का न्हाय गेला? वाट उघडीच हुती की. मी काय बघत हुतो?"

"तुमचं रान आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय कशी जाऊ? आता विचारते. जाऊ का?"

त्याच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, आता रडतो की काय. मग एकदम उठला आणि आकाशाकडे बघून ओरडला.

"ए टांगेवाल्या! घाल टांगा रानात!"

"रानात?" हुसेनसाब म्हणाला.

"बांधावरनं चालत अव्वाला कवा पोचवणार? घाल म्हंतो ना! हरभऱ्यातनं घाल, सरळ हाय!" सासूबाई एकदम त्याच्या अव्वा, म्हणजे कानडीत आई, झाल्या होत्या.

"हरभरा तुडवायचा नाही!" सासूबाई ओरडल्या. "उभं पीक आहे. धसकटातून घ्या."

"अव्वा, दिस बुडाया आलाय!"

"बुडू दे. पीक तुडवून नको."

त्या वेळीसुद्धा! वीरभद्रप्पानं कपाळावर हात मारून घेतला, घोड्याचा लगाम धरला आणि धसकटातून पळत सुटला. आम्ही दोघी टांग्यात. चाकं ढेकळांवरून उडत होती, मी एका हातानं सासूबाईंना आणि दुसऱ्या हातानं टांग्याच्या दांडीला धरलं होतं. पुढे अनवाणी वीरभद्रप्पा, त्याचं मुंडासं सुटून मागं फडफडतंय, हुसेनसाब "चल बेटा, चल बेटा" करतोय, आणि समोर लालभडक सूर्य रानाच्या कडेला टेकलेला. सासूबाई हसत होत्या. लहान मुलीसारख्या मोठ्यानं हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आम्ही भिंतीपाशी पोहोचलो तेव्हा अर्धा सूर्य वर होता. वीरभद्रप्पानं त्यांना हात दिला आणि कबरीपर्यंत नेलं, मग चार पावलं मागं जाऊन उभा राहिला. सासूबाईंनी दगडावर तळहात ठेवला, ओठांतल्या ओठांत म्हणायचं ते म्हटलं. मग पदराची गाठ सोडली आणि सब्जाच्या कुंडीतला खडा अहरोनबाबांच्या नावाशेजारी ठेवला.

"आले हो," त्या म्हणाल्या. "जरा काम निघालं वाटेत."

सूर्याची शेवटची कड दिसेनाशी झाली. तिथी गाठली होती. कोर्टात जिंकले असते तरी असं वाटलं नसतं.

वीरभद्रप्पा पुढे आला. खाली वाकून खडा निरखायला लागला. "ह्यो कसला दगड, अव्वा?"

सासूबाईंनी त्याला सांगितलं, जसं त्या सगळ्यांना सांगायच्या तसंच, हौसेनं. आलो होतो, विसरलो नाही, एवढंच. फूल सुकतं, खडा राहतो.

"म्हंजे तवा ती माणसं बांधावरनं उचलायची ती ह्यासाठी?"

"ह्यासाठीच."

"आन् मी म्हन्लं हद्द सरकवायलेत." मग त्यानं विचारलं, "आता तुमी गेल्यावर कोन ठेवायचं?"

हाच प्रश्न सासूबाईंच्या मनात वर्षभर होता, हे मला माहीत होतं. आमचीही बदली कधी होईल सांगता येत नव्हतं. त्या माझ्याकडे बघून कसनुशा हसल्या.

वीरभद्रप्पा वळला आणि तरातरा चालत बांधाकडे गेला. परत आला तो दोन्ही हातांत, पोटाशी धरून, पाटा-वरवंट्यातल्या पाट्याएवढा धोंडा घेऊन. धापा टाकत त्यानं तो कबरीच्या पायथ्याशी ठेवला.

"अहो, एवढा नको!" मी म्हटलं. "सुपारीएवढा पुरतो!"

"सुपारीएवढा तुमी ठेवा. मी रोज हितंच असतो, मला कशाला बारका?" मग सासूबाईंसमोर हात जोडून म्हणाला, "अव्वा, तुमी खुशाल जावा. ह्येंला एकटं वाटू देनार न्हाय मी."

निघताना आम्ही हात धुतो, तशी आमची रीत. त्यानं आपल्या घागरीतलं पाणी आमच्या हातांवर ओतलं, आणि आम्हाला बघून स्वतःचेही हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मलिदा केला. काम पार पडलं की एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे आमच्या एलिया संदेष्ट्याच्या, नावानं आम्ही करतो तो, गोड पोहे, खोबरं, वर फळं. दानियलनं ताट वीरभद्रप्पाकडे नेऊन दिलं. येताना त्याच ताटात ज्वारीची कणसं होती. आणि काशम्मा? सासूबाई निघाल्या त्या सकाळी काशम्मा दारात आली आणि म्हणाली, "जपून जावा, सिम्हाबाई." सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हात जोडले. हरले बाई, तुमच्या तागडीपुढे हरले.

आमची बदली काही झाली नाही. पुढच्या वर्षी तिथीला दानियल आणि मी गेलो. वाटेच्या तोंडाशी काट्या नव्हत्या. हातात आमचा एकेक खडा घेऊन आम्ही कबरीपाशी पोहोचलो आणि जागीच उभे राहिलो.

खडे ठेवायला जागाच नव्हती. पायथ्यापासून वरपर्यंत दगड रचले होते, काळी माती लागलेले, लहान, मोठे, काही इतके मोठे की ते एका माणसानं उचलले कसे असा प्रश्न पडावा. बाबांचं नाव तेवढं मोकळं ठेवलं होतं आणि ते धुऊन पुसून स्वच्छ केलेलं दिसत होतं.

दानियल, ज्याला कधी कशाचं काही बोलायला सुचत नाही, तो मोठमोठ्यानं रडायला लागला. मीही.

"वैनी!"

रानातून वीरभद्रप्पा हात हलवत येत होता. मागं त्याचा तो बैल, मानेवर जुपणीचा जुना वण असलेला. जवळ येऊन त्यानं आधी आपल्या रानाकडे पाहिलं, मग त्या ढिगाकडे, आणि खदाखदा हसला.

"बघा की," तो म्हणाला, "निम्मा बांध तिकडं गेला माझा!"